खिडकीच्या जाळीची गोधडी

मिस्त्रीने आयुष्यात सुई हातात धरली होती ती फक्त पायात रुतलेला काटा काढायला. तीस वर्षं त्याचं काम लोखंडाचं: खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, फाटकं. "जाळी करावी तर याच मिस्त्रीने," असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो "छे, छे" करायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा.

मग एका दुपारी पत्र्याची मोठी शीट त्याच्या हातातून निसटली. उजव्या हाताची दोन बोटं वाकवणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या. डॉक्टरांनी त्या जोडल्या खऱ्या, पण पट्टी सुटली तेव्हा मधलं बोट आणि अनामिका काठीसारखी ताठ होती. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्यापुढे बटणांची वाटी ठेवली. "एकेक चिमटीत धरायचं, दुसऱ्या वाटीत टाकायचं. रोज दोन तास."

चौथ्या दिवशी मिस्त्रीने वाटी ढकलून दिली. बटणं घरभर झाली.

बायको नुकतीच कामावरून आली होती. ती बसमध्ये कंडक्टर. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडलेले, त्यात हा पसारा. तिने कपाटावरून जुन्या कपड्यांचं गाठोडं काढलं आणि त्याच्या मांडीवर आदळलं.

"बटणं नकोत ना? मग हे शिवा. आपल्या पलंगावरची गोधडी विरून जाळं झालीय. चिमटी ती चिमटीच."

"मी? गोधडी?"

"का, सुईला मिस्त्री चालत नाही असं लिहिलंय कुठे?"

अशी सुरुवात झाली. त्याचे खाकी शर्ट, तिचे निळे गणवेश, जुन्या चादरीचे पांढरे तुकडे. मिस्त्रीने काटकोन बघायचा लोखंडी गुण्या लावून वीतभर चौकोन आखले आणि कापले. सुईत दोरा ओवायला पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. ताठ बोटांनी सुई ढकलता येईना, म्हणून त्याने डाव्या हाताने घासघासून पितळी नळीच्या तुकड्याची बोटात बसेल अशी टोपी केली. दीड महिन्यात चौकोन एकमेकांना जोडून झाले. खाली अस्तर, मध्ये कापसाचा पातळ थर, वर हे चौकोन, असे तिन्ही थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरून ठेवले. आता राहिलं ते खरं काम: तिन्ही थर कायमचे एकत्र धरणारे बारीक टाके. आणि हे टाके नुसते घालायचे नसतात, त्यांची नक्षी करायची असते.

नक्षीसाठी अक्कांकडे जाणं भाग होतं. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर गोधड्या शिवणाऱ्या बायकांची बैठक भरायची, तिच्या त्या सर्वेसर्वा. टाका बघून तो कुणाचा हे ओळखायच्या. त्यांनी मिस्त्रीची गोधडी हाताने चाचपली, "चौकोन सरळ आहेत हं," एवढं म्हणाल्या आणि नक्षीचं जाडजूड पुस्तक पुढे केलं. त्यात वेली होत्या, पिसं होती, गुलाब होते.

"यातलं सोपं कुठलं?" मिस्त्रीने विचारलं.

"सोपं असं काही नसतं, मिस्त्री. हात बसावा लागतो."

मिस्त्रीने पिसाची नक्षी निवडली. आठ दिवस खपून एक पीस झालं. बायकोने ते दिव्याखाली धरलं, उलट केलं, सुलट केलं.

"कोंबडी आहे का?"

"पीस आहे."

"मग कोंबडीचं असेल."

मिस्त्रीने सगळं उसवलं. दुसऱ्यांदा वेल घेतली. वेल दोन चौकोन गेली आणि तिसऱ्यावर अशी काही गाठाळली की कापड चुण्या पडून गोळा झालं. तीही उसवली. फोनवर शोधावं तर शेकडो चित्रं, सगळी एकापेक्षा एक देखणी, आणि कुठून सुरू करायचं हे एकातही सांगितलेलं नाही. शेवटी तो पुन्हा अक्कांकडे गेला.

अक्कांनी उसवल्याच्या खुणा पाहिल्या. त्यांचा स्वर मऊ होता, पण बोलणं लागायचं तिथे लागलं. "पहिलीच आहे. सरळ रेघा मारा उभ्या-आडव्या. ऊब तेवढीच येते. बैठकीचं प्रदर्शन आहे इथेच पुढच्या महिनाअखेर, दाराजवळ नवशिक्यांच्या रांगेत लावू आपण."

मिस्त्री पुस्तक परत देऊन निघाला. सरळ रेघा! ज्या माणसाने भर दुपारी तापलेल्या सळईचं कमळ केलं, त्याने आता रेघा मारायच्या. रागाच्या भरात तो घरच्या रस्त्याला न वळता सरळ चालत राहिला. दोन चौक ओलांडल्यावर औषधाच्या दुकानासमोर थांबला. दुकानावर मालकाचं घर होतं आणि घराला रस्त्याकडे तीन खिडक्या. तिन्ही जाळ्या त्याच्या हातच्या, वीस वर्षांपूर्वीच्या. चार कमानी एका बिंदूत भेटलेल्या, भोवती गोल, गोलातून पुन्हा पुढची कमान निघालेली. संध्याकाळच्या उन्हात जाळीची सावली आतल्या पांढऱ्या पडद्यावर पडली होती. कापडावर!

मिस्त्री तिथेच खिळला. बघता बघता त्याचं बोट हवेत फिरायला लागलं.

वरून औषधवाल्याची बायको डोकावली. "काय हो, काय पाहिजे? केव्हाचे आमच्या खिडकीकडे बघताय!"

"तुमची जाळी हवी होती."

"जाळी?" तिने खिडकी धाडकन लावली. मग परत उघडली. "अगंबाई, मिस्त्री तुम्ही! हात कसा आहे? जाळी कशाला हवी? मोडलीय का कुठे?"

"नाही हो. शिवायची आहे."

ती क्षणभर बघत राहिली. बोटांबरोबर डोक्यालाही लागलं की काय, असं तिला वाटलं असणार. पण बाई भली. तिने त्याला वर बोलावलं, जुनी वर्तमानपत्रं दिली, आणि जाळीवर कागद दाबून मिस्त्री पेन्सिलने घासू लागला तेव्हा दुसरं टोक स्वतः धरलं. लोखंडाच्या कडा कागदावर काळ्या उमटत गेल्या.

पण कागदावरची कमान गोधडीच्या वीतभर चौकोनाला मोठी होती. लहान कमान कुठे मिळेल ते मिस्त्रीला ठाऊक होतं, आणि तिथे जायची त्याची छाती होत नव्हती. अपघातानंतर त्याने आपल्या भागीदारीतल्या कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. तीन वेळा जायला निघाला आणि कोपऱ्यावरून परत आला होता. या वेळी कागदाची गुंडाळी काखेत होती. तो कोपऱ्यावर थांबलाच नाही.

भागीदार भट्टीपाशी होता. मिस्त्रीला बघून हातातला हातोडा तसाच धरून उभा राहिला.

"फर्मे आहेत का रे माझे?"

"भिंतीवर आहेत तसेच. हात कुणी लावला नाही."

फर्मे म्हणजे पत्र्याचे कापलेले आकार. सळई वाकवायच्या आधी त्यावरून जमिनीवर नक्षी आखायची. खिळ्याखिळ्यावर धुळीने पांढरे झालेले ते तळहाताएवढे आकार लटकत होते: कमान, पाकळी, माशाचा खवला, पाण्याची लाट. दरवाजाच्या वरच्या झरोक्यांसाठी त्याने ते स्वतः कापले होते. पत्र्याची ती शीट जिथे पडली होती तिकडे मिस्त्रीने एकदा पाहिलं. मग शिडी लावून वर चढला आणि एकेक फर्मा खाली काढला.

घरी आल्यावर साबणाच्या झिजलेल्या वडीने त्याने खाकी चौकोनावर कमान आखली. एक, दोन, तीन, चार, भोवती गोल. कापडावर जाळी उभी राहिली. अगदी रेखीव. आणि टाका घालायला सुई टोचली तसा तो पुन्हा अडला. लोखंडात प्रत्येक तुकडा वेगळा असतो, जोडावर झाळलं की झालं. दोऱ्याचं तसं नाही. दर कमानीला दोरा तोडायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू करायचं, तर गोधडीभर गाठीच गाठी. त्याने कागदावर चार वाटा काढून पाहिल्या. प्रत्येक वेळी शेवटी एक कमान उरायची.

बायको पाय कोमट पाण्यात सोडून बसली होती. "काय चाललंय?"

"एका दोऱ्यात सगळी नक्षी फिरायला हवी. एकाच रेघेवरून दोनदा जायचं नाही."

"आणा इकडे." तिने कागद मांडीवर घेतला आणि बोट फिरवायला लागली. "तुम्ही मधून सुरू करताय. मधून कुणी गाडी सोडतं का? कडेवरून सोडा. ही कमान चढा, मध्ये या, समोरची उतरा. आता गोलाचा हा तुकडा घ्या... मग या कमानीने परत मध्ये. बघा, चौथी आपोआप आली."

"आणि गोलाचा उरलेला तुकडा?"

दोघंही कागदावर वाकली. मग मिस्त्रीच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. "तिथे रस्ता नाही ना? मग खालून जाऊ. सुई वरच्या कापडाखालून कापसात सरकवायची आणि पुढच्या रेघेवर काढायची. दोरा दिसणारच नाही!"

"बोगदा!" बायको म्हणाली आणि टाळी वाजवायला उठली, ती पाण्याच्या घमेल्यासकट. जमिनीवर तळं झालं. फडकं कुणी आणायचं यावर एरवी वाद झाला असता. त्या दिवशी दोघंही ओल्या जमिनीवर उभी राहून सुईकडे बघत होती.

पहिली जाळी पूर्ण व्हायला दोन दिवस लागले. टाके अंगठ्याच्या रुंदीत चार बसले. दहाव्या चौकोनाला पाच झाले. मिस्त्री सकाळी बायकोला बसथांब्यावर सोडून आला की खिडकीपाशी बसायचा तो भूक लागली तरच उठायचा. खाकीवर कमानी, निळ्यावर लाटा, पांढऱ्यावर माशाचे खवले, आणि कडेने पाकळ्या. विसाव्या चौकोनाला अंगठ्यात सहा टाके. डॉक्टरीणबाईंनी बोटांचा बाक मोजला, पुन्हा मोजला आणि विचारलं, "बटणं रोज उचलताय वाटतं?"

"त्याहून बारीक काहीतरी," मिस्त्री म्हणाला.

शेवटच्या ओळीला सात बसले.

प्रदर्शनाच्या सकाळी त्याने धुवून वाळवलेली गोधडी नेली. साबणाच्या खुणा गेल्या होत्या, टाक्यांमधलं कापड फुगून वर आलं होतं आणि नक्षी कोरल्यासारखी दिसत होती. अक्का गडबडीत होत्या. "दाराजवळ लावा हं," एवढं म्हणून पुढे गेल्या. चार पावलं गेल्या आणि थांबल्या. परत आल्या. चष्मा लावला.

त्यांनी पुढून फार वेळ पाहिलं नाही. गोधडी कोपऱ्याला धरून उलटी केली. जाणकार मागचं बघतात, कारण पुढचं कुणीही सजवतं. मागेही तीच नक्षी होती, तेच टाके, आणि गाठ शोधून सापडत नव्हती. अक्कांनी हाक मारून आणखी दोघींना बोलावलं. तिघी मिळून अस्तर चाचपायला लागल्या.

"हे कुठल्या पुस्तकातलं?" अक्कांनी विचारलं.

"पुस्तकातलं नाही. औषधवाल्यांच्या खिडकीतलं."

"चेष्टा करू नका."

"खरंच. या कमानी त्यांच्या. लाटा जलतरण तलावाच्या फाटकाच्या. खवले कुठल्या तरी झरोक्यावर असतील. माझेच आहेत सगळे."

"आणि दोरा कुठे तोडलाय?"

"नक्षीत तोडलाच नाही. संपला तिथे गाठ कापसात ओढून घेतली. वाट तुमच्या बहिणीने काढली."

अक्कांनी गोधडी खांद्यावर टाकली, समोरच्या भिंतीपाशी गेल्या, तिथली स्वतःची गुलाबांची गोधडी उतरवली आणि त्या जागी ही लावली. खुर्चीवर उभ्या राहून, स्वतःच्या हाताने. मग खाली उतरून पदर झटकला.

"मी चुकले असं काही मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण ते पत्र्याचे आकार उद्या बैठकीला घेऊन या. पिसं आणि गुलाब शिवून आम्हालाही कंटाळा आलाय. शिकवाल ना?"

दिवसभर त्या भिंतीपुढची गर्दी हटली नाही. औषधवाल्याची बायको आली आणि "ही आमची खिडकी" म्हणून येईल त्याला सांगत सुटली. भागीदार काळ्या हातांनीच आला, हात पाठीमागे बांधून लांबूनच बघत राहिला आणि म्हणाला, "लेका, तुझ्या या जाळीत वाराही अडतो की!" एका मुलीने विचारलं, "आजोबा, नवशिक्याला जमेल का हे?" मिस्त्रीला आजोबा म्हटलेलं खटकलं, पण उत्तर द्यायला तो जागच्या जागी उभा राहिला, मान ताठ करून. "नवशिक्यानेच केलंय, बाळ."

बायको कामाची पाळी संपवून गणवेशातच पोचली तेव्हा बाहेर अंधारून येत होतं आणि गार वारा सुटला होता. तिने भिंतीवर गोधडी पाहिली. तिच्या निळ्या गणवेशावरच्या लाटा पाहिल्या. त्यांवरून बोट फिरवलं. मग डोळे पुसले आणि सरळ अक्कांकडे गेली.

"झालं का बघून सगळ्यांचं? काढ ती खाली. पलंगावर घालायला शिवलीय, टांगायला नाही."

"अगं, उद्याचा दिवस आहे अजून प्रदर्शनाचा!"

"उद्या सकाळी आणून देईन. आज मला थंडी वाजतेय."

अक्का हसायला लागल्या आणि खुर्चीवर चढल्या. भरल्या दालनात, सगळ्या बायकांच्या देखत, कंडक्टरबाईंनी गोधडी अंगावर घेतली, अर्धी नवऱ्याच्या खांद्यावर टाकली, आणि दोघं तशीच जिना उतरून रस्त्याला लागली.