गॅसकाकांच्या पट्ट्या

टेबलावर सोळा पट्ट्या होत्या. टिपकागदाच्या, बोटभर लांब, लेड अ‍ॅसिटेटमध्ये बुडवून वाळवलेल्या. शेजारी कालचा बनियन, मोज्यांचा जोड, उशीचा अभ्रा आणि पेलाभर थंड पाणी. चौदा पट्ट्या ओल्या करून वापरल्या होत्या. चौदाही पांढऱ्याफटक.

गॅसकाका पंधरावी काखेत धरून बसले होते. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांनी लोखंडाच्या सल्फाइडवर आम्ल ओतून सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार केला. मुलांनी दिलेलं नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. तो वायू लागला की ओली पट्टी काळी पडते. महिन्याभरापासून आंघोळ झाली की तोच वास पाठ धरायचा. इतकी वर्षं हुंगलेला वायू आता हाडांतून बाहेर पडतोय, अशी त्यांची खात्री झाली होती. तो शरीरात असा साठत नाही हे त्यांनी वाचलं होतं. पण नाकापुढे पुस्तकाचं काय चालणार!

"बाबा, हे काय मांडलंय?" मुलगी बाळाला घेऊन दारात उभी होती. "बरं, ते राहू दे. एकोणीस दिवस झाले, हिला हात लावला नाहीत. स्पष्ट सांगा, मुलगी झाली म्हणून का?"

"वेडी की खुळी तू!" काकांनी पट्टी काढली. पांढरी. "अगं, माझ्या अंगाला वास येतो. एवढासा जीव तो. तिच्या छातीत जायला नको."

मुलगी दोन पावलं पुढे आली आणि त्यांच्या खांद्याशी नाक नेऊन तिनं जोरात श्वास घेतला.

"साबणाचा येतोय. कधी येतो तो वास?"

"आंघोळ झाली की."

"मग आंघोळीचं पाणी तपासा की!"

"शिकवतेस मला? टाकी एकच आहे. पाण्याची पट्टी पहिलीच लावली."

"गार पाण्याची ना?"

काकांनी पेल्यातल्या थंड पाण्याकडे पाहिलं. मागच्या न्हाणीत ते एकटेच आंघोळ करत; तिथला जुना गीझर दुसरं कुणी वापरत नसे. उठून त्यांनी त्याचा नळ सोडला आणि सोळावी पट्टी ओली करून धारेशी धरली. ती आधी पिवळसर झाली, मग तपकिरी, मग काळीभोर.

"हात्तिच्या!" ते मटकन स्टुलावर बसले. "गरम पाणी सोसत नाही म्हणून मीच गीझरचा काटा चाळीसवर आणला होता. कोमट पाण्यात जंतू माजले. बोअरच्या पाण्यात सल्फेट, आत गंज रोखायला मॅग्नेशियमची कांडी. त्यांना आयतं रानच मिळालं."

"म्हणजे नासला गीझर, आणि तुम्ही वाळीत टाकलंत स्वतःला."

"तसंच म्हण."

जंतू मरावेत म्हणून त्यांनी काटा सत्तरवर नेला, हात दोनदा थंड पाण्यानं धुतले, कोरडे केले आणि पुढे केले. मुलीनं बाळ ठेवलं. काकांनी कोपर थोडं वर घेतलं. बाळाचं डोकं छातीशी टेकलं, पापण्या मिटल्या.

काका मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आकडे पुटपुटत राहिले. काटा एक फेरी पुरी करून आला.

श्वास, मिनिटाला चव्वेचाळीस. तान्ह्याला हवेत तेवढेच.