काचेवरचा ठिपका

विमानाच्या देखभालीचा प्रमुख विल्फ ओकेंडन याने हातातला फडका बादलीत आपटला आणि शिडीवरूनच तो गरजला,

"आता पुन्हा कुणी ठिपका म्हणालं, तर त्याच्या टाळक्यावर रंगाचा डबा ओतेन!"

हे ज्याला उद्देशून होते, तो गनर डेस्मंड ट्रँटर विमानाच्या शेपटीतील काचेच्या बुरुजात, चार मशीनगनींमागे अवघडून बसला होता. चार इंजिनांच्या त्या अजस्र बॉम्बफेकी विमानाची रचनाच अशी, की पोटाची सारी पोकळी बॉम्बांना दिलेली. माणसांनी उरल्या जागेत सामावायचे. त्यातही शेपटीतला गनर साऱ्यांपासून दूर, एकाकी.

"वर उजवीकडे, चीफ. बारीकसाच आहे."

"सकाळपासून पुसतोय! माझ्या बायकोनं लग्नातल्या बश्यासुद्धा इतक्या घासल्या नाहीत."

अंधारात पाठलाग करणारे शत्रूचे विमान प्रथम ठिपक्याएवढेच दिसते, हे इंग्लंडमधील लिंकनशायरच्या त्या हवाई तळावर सर्वांस ठाऊक होते. मागील मोहिमेत डेस्मंडने 'ठिपका!' म्हणून आकांत केला, तेव्हा कप्तान हॅलमने बॉम्बांनी भरलेले ते धूड गिरकी घेत खाली झोकून दिले. नकाशांवर चहा सांडला, दोघांना ओकारी झाली; आणि मागे काहीच नव्हते. तेव्हापासून भोजनगृहात डेस्मंडला 'माशीमार' म्हणत.

"ही काचच कापून काढा. दुसऱ्या तळांवर काढतात."

"वरच्या थंडीत नाक गळून पडेल!"

"पडू दे. नाकानं कुठं नेम धरतोय मी?"

"परवानगी कोण, तुझा आजोबा देणार?" असे पुटपुटत विल्फने करवत घेतली. काच निघाली. बीटच्या शेतांवरून येणारा बोचरा वारा सरळ आत शिरला.

"घ्या! झालं समाधान?"

डेस्मंडने करड्या आभाळाकडे पाहिले. मग खिशातला रुमाल काढून त्याने हात वर उजवीकडे नेला. हात मोकळ्या जागेतून बाहेर गेला आणि तेथेच थबकला. पुसायला काच नव्हती, ठिपका मात्र जागेवरच होता.

विल्फ शिडीवरून पुढे वाकला. डेस्मंडने एक डोळा मिटून पाहिले, नंतर दुसरा.

"कधीपासून?"

"डॉक्टरला सांगू नका, चीफ. आम्ही सातजण पहिल्यापासून एकत्र आहोत. मी उतरलो तर परका माणूस बसेल, आणि परका माणूस या पोरांना अपशकुन वाटतो."

"आणि खरा ठिपका आला, तर तू तो पुसत बसशील, गाढवा!"

इतक्यात वैमानिकांची लॉरी विमानाशी येऊन थांबली. हॅलमने खालून हाक दिली,

"काय माशीमार, आज तरी लख्ख दिसतंय ना?"

सगळे हसले. विल्फ करवत पुसत राहिला.

"कप्तान," डेस्मंड म्हणाला, "आज मागे दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

"खिडकी उघडली आणि पठ्ठ्या गारठला!" कुणीतरी ओरडले. हशा आणखी वाढला.

"दात काय काढता!" विल्फ खेकसला.

त्याचा चेहरा पाहून हॅलम हसायचा थांबला. डेस्मंड हळूहळू खाली उतरला. त्याने विजेच्या तारांचे ऊबदार हातमोजे काढले आणि कप्तानच्या हाती दिले.

"नव्याला द्या. खिडकी माझ्यापायी कापलीय. आणि डाव्या मोज्याची तार मध्येच थंड पडते. बोटं हलवत राहा म्हणावं."