चंदेरी रंगाखालचे दोन बाण

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. दहिसरला चेकनाक्याच्या अलीकडे, एका चाळीमागच्या मोकळ्या जागेत मी उभी असते. चिखलातून, दगडधोंड्यांतून चारही चाकांनी जोर लावत चढायचं, यासाठीच माझा जन्म. जयवंतने मला लष्कराच्या लिलावातून आणलं, तेव्हा चाळीतल्या लोकांनी 'भंगार उचलून आणलंय' म्हणून त्याची टिंगल केली. मी मनावर घेतलं नाही, असं म्हणते खरी, पण घेतलं होतं.

मग मला काम मिळालं आणि टिंगल थांबली. दर गुरुवारी एका दवाखान्याच्या डॉक्टरबाईंना आणि औषधांच्या पेट्यांना घेऊन मी बोरिवलीच्या जंगलाकडेच्या पाड्यांवर जायचे. पावसाळ्यात तिथे दुसरी गाडी चढत नसे. मला चालवायचा राजाराम. तो आणि जयवंत एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेले. राजारामने मला चौदा वर्षं चालवलं. अवघड चढ आला की तो हळूच म्हणायचा, "चल गं बाई, थोडंच राहिलंय," आणि मी चढायचे. त्याच्या हातात मी आहे म्हटल्यावर पाड्यावरची माणसं निर्धास्त असत, आणि राजारामला याचा फार अभिमान होता.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब दांडा माझ्या पोटाखाली फिरतो. त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एकेक सांधा असतो, तो क्रॉस. हे क्रॉस वर्षानुवर्षं टिकतात. माझे मात्र एका दसऱ्यानंतर पटापट तुटू लागले.

जयवंतचे वडील गिरणी कामगार. खंडेनवमीला ते आपला माग पुसून लख्ख करायचे आणि मग पूजा करायचे. तीच सवय जयवंतच्या अंगात उतरली होती. त्या वर्षी राजाराम नेहमीप्रमाणे दसऱ्यासाठी नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. जयवंतने स्वतः माझ्याखाली शिरून शाफ्ट उतरवला, त्याला चंदेरी रंग मारला, वाळवला आणि पुन्हा बसवला. झेंडूची माळ गळ्यात घालून मी चाळीसमोर मिरवले. जमिनीवरून कुणाला दिसणारही नाही अशा त्या चकाकीवर मी खूश होते. आज त्याची लाज वाटते.

राजाराम परतला आणि पहिल्याच फेरीत त्याच्या कपाळावर आठी आली. गाडीने जरा वेग घेतला की त्याच्या पायाखालची पत्र्याची जमीन थरथरायची.

"जयवंत, खालून घरघर येतेय रे," तो म्हणाला. "दसऱ्यानंतरच सुरू झालीय. एकदा खाली वाकून बघ ना."

"आताच तर सगळी साफ केलीय यार. जुनी गाडी आहे, कुरकुरणारच."

दोन महिन्यांत क्रॉस तुटला. नवा टाकला, तोही तुटला. गॅरेजवाला म्हणाला, माल डुप्लिकेट असेल. मग महागातला टाकला. दर वेळी तुटलेला तुकडा बदलला जायचा, पण तो का तुटतो हे कुणी विचारत नव्हतं. राजाराम विचारत होता, पण त्याचं ऐकत कोण होतं?

तिसरा क्रॉस भर चढावर तुटला. गाडीत दवाखान्यात न्यायची, तापाने फणफणलेली एक म्हातारी होती. चार जणांनी तिला चादरीच्या झोळीतून खाली नेलं. ती वाचली. पण संध्याकाळी जयवंत सगळ्या चाळीसमोर राजारामवर ओरडला, "क्लच धाडकन सोडतोस तू! तुझ्या हातानेच वाट लागलीय गाडीची. चावी ठेव!"

राजारामने माझ्या बॉनेटवर चावी ठेवली आणि चालू लागला. त्याला थांबवावंसं वाटलं मला. पण हॉर्नसुद्धा कुणालातरी दाबावा लागतो, मित्रांनो.

नवा ड्रायव्हर आला. दीड महिन्यात त्याच्याही हातून क्रॉस तुटला. तेव्हा कुठे जयवंतने मला टो करून कुर्ल्याला, जुन्या जीप दुरुस्त करणाऱ्या द्रौपदीताईकडे नेलं. तिने लगेच नवा क्रॉस मागवला नाही. तिने विचारलं, "काका, हे कधीपासून होतंय? त्याच्या आधी गाडीचं काय काय उघडलं होतं?"

जयवंतने आठवून आठवून दसऱ्याचं सांगितलं. ती माझ्याखाली शिरली आणि पात्याने शाफ्टचा रंग खरवडू लागली. रंगाखालून एक बाण निघाला. शाफ्टच्या दुसऱ्या तुकड्यावरचा बाण मात्र भलतीकडेच होता.

"शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा," ती म्हणाली. "हे बाण समोरासमोर जुळवूनच बसवायचा. नाहीतर दोन्ही सांधे एकमेकांशी भांडत फिरतात. तुम्ही कितीही क्रॉस बदला, तुटणारच. रंगात बाण बुजले आणि कुणीतरी अंदाजाने जोडलं. कोणी जोडलं?"

जयवंत खाली बसला. "मी," तो म्हणाला.

नवा क्रॉस बसला, बाण जुळले आणि घरघर थांबली. त्याच रविवारी जयवंत मला घेऊन घाटकोपरला राजारामच्या घरी गेला. राजाराम आता शाळेची बस चालवतो. जयवंतने सगळं सांगितलं, हात जोडले आणि चावी पुढे केली. राजाराम आधी माझ्याकडे आला. गुडघे टेकून, वाकून त्याने खाली पाहिलं. "आता बरी आहेस ना गं?" त्याने विचारलं.

मग तो जयवंतकडे वळला. "चावी तुझ्याकडेच राहू दे. मी तेवढंच मागितलं होतं रे, एकदा खाली वाकून बघ."

जयवंतने चावी खिशात टाकली. परतीच्या वाटेवर मी अगदी सुरळीत चालले, आणि ते सुरळीत चालणंच मला नकोसं झालं.

आता दसऱ्याला जयवंत मला पुसतो, माळ घालतो, पण त्या दोन बाणांवर रंग लागू देत नाही. मित्रांनो, एकच वस्तू पुन्हा पुन्हा मोडत असेल, तर ती वापरणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी वाकून नीट बघा, आणि तो काय सांगतोय ते ऐका. मला नवा क्रॉस चार वेळा मिळाला. राजाराम पुन्हा मिळाला नाही.