पावतीवरचे कोंडिबा

वरवंडच्या दूध डेअरीसमोर सकाळी ही गर्दी! दूध घालायला थोडी, भूत बघायलाच जास्त. डेअरी सांभाळणारे कोंडिबा वारले आणि त्यांच्या खुर्चीवर सून सुरेखा बसली. कॉम्प्युटर सुरू होताच नाव विचारायचा. ती आपलं नाव घालायची, पडद्यावर 'नमस्कार सुरेखा' यायचं. पण दुधाच्या पावतीवर छापून यायचं, 'संकलक : कोंडिबा'. खोटं कशाला बोलू, ती पावती घेताना माझ्याही अंगावर काटा यायचा.

"आत्मा खुर्चीत अडकलाय!" झिपरे महाराज मोरपीस फिरवत गरजले. "ॐ करंटाय फट् स्वाहा! बाई उठंल तवाच सुटंल!" त्यांनी कीबोर्डवर अंगारा टाकला. त्यानं दोन बटणं तेवढी बंद पडली.

कोंडिबांची बायको शेवंताबाई कळवळली. "सुरेखे, ऊठ गं बाई. त्यांचा जीव तळमळतोय."

सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. ही खुर्ची गेली की पुन्हा चूल आणि चार भिंती, हे तिला ठाऊक होतं.

माझं डोकंच सटकलं. माझी भाची अनुपमा दौंडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तिला बोलावून घेतलं. पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला तो प्रोग्राम तिनं वाचला आणि भलतंच विचारलं, "वहिनी, माहेरचं नाव काय तुमचं?"

"नकुशी. लग्नात तांदळात सुरेखा लिहिलं."

"आणि शाळेच्या दाखल्यावर?"

"नकुशीच की."

"मग दाखल्याला भुतानं झपाटलंय का?"

बाया फिसकन हसल्या. अनुपमा म्हणाली, "प्रोग्रामच्या सुरुवातीला कोंडिबामामांचं नाव लिहिलंय. ते सगळ्या प्रोग्रामचं, ग्लोबल, दाखल्यावरच्या नावासारखं. नाव विचारणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला तेवढ्या कामाचा तुकडा, वेगळं. त्यात घातलेलं नाव त्या फंक्शनपुरतंच, सासरच्या हाकेसारखं. फंक्शन संपलं की ते पुसलं जातं. पावती वाचते सुरुवातीचं नाव. मामा होते तोवर दोन्ही नावं एकच होती, म्हणून चूक दिसली नाही."

फंक्शनमध्ये तिनं 'ग्लोबल'ची एक ओळ घातली, म्हणजे तिथं घातलेलं नाव सगळ्या प्रोग्रामला लागू. पावती आली, 'संकलक : सुरेखा'.

"माझ्या मंत्राचा गुण!" महाराज म्हणाले.

"असं? ओळ काढते, आता मंत्रानं आणा." ओळ गेली, कोंडिबा परत. ओळ घातली, सुरेखा हजर. महाराजांना एकाएकी यवतची एसटी आठवली.

शेवंताबाई मात्र रडत होती. "म्हंजी ते हितं न्हाईत?"

"न्हाईत, आत्याबाई," म्हणताना सुरेखालाही रडू फुटलं.

सासूनं डोळे पुसले, सुनेचा दंड धरून तिला खुर्चीत बसवलं. "बस. लोक खोळंबल्यात."

बाबांनो, गेलेल्या माणसासाठी जीव तुटतोच, तुटू द्या. पण त्याच्या नावानं जित्या बाईला उठवायच्या आधी यंत्र उघडून बघा.