न लिहिलेली चिठ्ठी

चष्म्याच्या दुकानात नवरा डोळे तपासायचा आणि ती गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांची कार्डं भरायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं. नवरा तसा बोलघेवडा. साधी काच पुसून द्यायची तरी पाच मिनिटांचं भाषण. पण एका बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. कुणाचा डोळा एखाद्या बाजूला वळत नसला, की चष्मा द्यायचा नाही, आधी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायची. गिऱ्हाईक चिडलं, तणतणत निघून गेलं, तरी चिठ्ठी हातात कोंबूनच सोडायचा.

तीन आठवड्यांपूर्वी तिलाच एकाचे दोन दिसायला लागले. त्याने तिला खुर्चीत बसवलं, डोळ्यांपुढून पेन डावीकडे नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. मग म्हणाला, "नंबर सरकलाय गं. वय झालं आपलं." तिचं कार्डही त्या दिवशी त्यानेच भरलं. चौथ्या दिवशी एका बाजूला जाड असलेल्या काचेचा चष्मा तिच्या नाकावर चढवला आणि दोनाचं एक झालं. तिने बहिणीला फोन करून नवऱ्याचं तोंडभर कौतुक केलं. सकाळी डोकं ठणकायचं, त्याचं खापर तिने नव्या काचेवर फोडलं. चार वर्षांपूर्वी छातीतली कॅन्सरची गाठ काढली तेव्हापासून तिचा डॉक्टरांपेक्षा या माणसावर जास्त भरवसा होता.

मंगळवारी दुपारी एक ट्रकवाला आला. त्यालाही एकाचे दोन दिसत होते. पेन डावीकडे गेलं. ट्रकवाल्याचा उजवा डोळा पेनामागे गेला, डावा मध्येच अडकला.

"चष्मा नाही मिळणार," नवरा चिठ्ठी खरडत म्हणाला. "आजच जा. पूर्वी कधी कॅन्सर वगैरे झाला असेल तर तेही सांगा. लपवू नका."

ट्रकवाला गेला. तिने खण उघडला आणि स्वतःचं कार्ड काढलं. त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: डावा डोळा बाहेर वळत नाही. चिठ्ठीच्या रकान्यात नुसती रेघ.

"अहो, हे काय आहे?"

त्याने कार्ड तिच्या हातातून घेऊन गल्ल्यावर पालथं ठेवलं. मग म्हणाला, "पुन्हा त्या सुया, पुन्हा केस जाणं... इतक्या दिवसांनी तू हसायला लागली होतीस. म्हटलं, थोडे दिवस तरी..."

"माझे दिवस होते ते! रस्त्यावरच्या माणसाला खरं सांगता, आणि बायकोला काच लावून गप्प बसवता?"

तिला इतका राग आला की रडूसुद्धा फुटेना. कॅन्सरने दगा दिला असता तर तिने सोसला असता. त्याचा धंदाच तो. पण हा तर घरचा माणूस होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. जुना कॅन्सर मेंदूभोवतीच्या पातळ आवरणात पसरला की डोळा वळवणारी नस निकामी होऊ शकते, म्हणाल्या. तिला दाखल करून घेतलं आणि पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी त्या अहवाल घेऊन आल्या आणि हलक्या आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर येता?"

तो लगेच उठला.

"त्यांना जाऊ द्या," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "तुम्ही बसा. जे काही असेल ते मला सांगा."

"अगं, मी पण..."

"दार ओढून घ्या जाताना."

दार लागलं. डॉक्टरीणबाई पलंगापाशी बसल्या. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या होत्या. औषध देता येईल, पण बरं होणं नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"तीन आठवडे आधी आले असते तर?"

"बरं तेव्हाही झालं नसतं. वेळ कदाचित थोडा जास्त मिळाला असता. किती, ते नाही सांगता येणार."

तिने मान हलवली.

"माझ्या कागदावर नातेवाईक म्हणून ह्यांचं नाव आहे ना? ते खोडा," ती म्हणाली. "बहिणीचं लिहा. ती भांडते, पण खोटं बोलत नाही."