गुरुवारी न चालणारा जनरेटर

रविवारी सकाळी हडपसरच्या त्या नव्या कॉम्प्लेक्समधला पहिल्या मजल्यावरचा हॉल इतका भरला, की चपलांची रांग जिन्यात उतरली. आत पडदे ओढलेले, पंखे बंद, दिवे बंद. उकाड्याने भिजलेली माणसं स्टेजकडे डोळे लावून बसली होती. स्टेजवर टेबल, टेबलावर जात्याएवढं चाक असलेलं हिरवं यंत्र, आणि शेजारी टाय लावलेले उत्तरेश्वर सर.

सरांनी यंत्राची पिन भिंतीतल्या सॉकेटमधून उपसली आणि मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी सगळ्यांना दाखवली. चाक फिरतच राहिलं. मग त्यांनी बटण दाबलं, आणि फळीवरचे दहा मोठे बल्ब भक्कन पेटले. कोणीतरी हात जोडले.

"डिझेल नाही, कोळसा नाही, बिल नाही," सर म्हणाले. "पृथ्वी फिरते, तिला कोण डिझेल घालतं? तीच कॉस्मिक एनर्जी मी या चाकात उतरवली. परदेशी कंपन्या माझ्यामागे हात धुऊन लागल्यात. मी म्हटलं, माझ्या कंपनीच्या शेअर्सवर पहिला हक्क माझ्या पुणेकरांचा."

एरवी काडेपेटी घेतानाही दुकानदाराची उलटतपासणी घेणाऱ्या पुणेकरांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांचंही एका अर्थी खरं होतं. त्या वर्षी भारनियमनाने शहराचा जीव मेटाकुटीला आणला होता. आयटी पार्कच्या काचा चकाकत होत्या आणि समोरच्या चाळीत मेणबत्त्या जळत होत्या. गुरुवारी तर दुरुस्तीच्या नावाखाली दिवसभर वीज गायब. अशा वेळी विजेचं नाव काढणारा माणूस देवासारखाच वाटतो.

चौथ्या रांगेत बसलेल्या दीक्षाने टाळी वाजवली नाही. ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्याने 'चालतंय' म्हटलेली गोष्ट कुठे मोडते हे शोधण्याचाच तिला पगार मिळे. पण आज ती आली होती शेजारी बसलेल्या माणसासाठी. बुद्धभूषण, तिचे वडील, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी, घरातला देव्हारा ओढ्यात सोडला होता. खुद्द बुद्धभूषणांनी अंगात येणाऱ्या बाईला वसाहतीतून बाहेरची वाट दाखवली होती. असा माणूस इथे निवृत्तीचा सगळा फंड ओतायला निघाला होता, आणि आपल्या विहारातली निम्मी माणसं सोबत घेऊन आला होता. कारण सोपं होतं. इथे लिंबू नव्हतं, लॅपटॉप होता. अंगारा नव्हता, आलेख होते.

भाषण संपल्यावर दीक्षा उभी राहिली. "सर, हे यंत्र टेबलावरून उचलून खाली अंगणात ठेवता येईल? तिथेही चालेलच ना?"

"मॅडम, याचं अलाइनमेंट पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाशी जुळवलेलं आहे. तसूभर हललं तर महिनाभराची मेहनत वाया."

"मग इथेच बघू. गुरुवारी येऊ का?"

"गुरुवारी यंत्राला विश्रांती असते. चुंबकांना दम खाऊ द्यावा लागतो."

"वीज मंडळाच्याच दिवशी?"

मागे दोघे हसले. सर मात्र हसले नाहीत. "शंका ही निगेटिव्ह एनर्जी असते," ते म्हणाले, आणि समजूतदारपणे मान हलवली.

दीक्षा सरळ बाहेर पडली. मागोमाग बुद्धभूषण जिन्यात आले. ते रागाने म्हणाले, "चारचौघांत माझी मान खाली घातलीस. ही माणसं माझ्या शब्दावर आलीत."

"म्हणूनच, पप्पा. हे बघा."

जिन्याखाली मीटरची पेटी होती. एका मीटरवर लाल रंगात लिहिलं होतं : पहिला मजला, हॉल. आतली चकती भन्नाट फिरत होती.

"हॉलमध्ये आत्ता काय चालू आहे?" दीक्षाने विचारलं.

"काहीच नाही. पंखेसुद्धा बंद केलेत."

"मग ही कोणासाठी पळतेय?"

बुद्धभूषण चकतीकडे पाहत राहिले. दीक्षाने मेन स्विचकडे हात नेला, तसा त्यांनी तिचा हात बाजूला केला. "थांब. मी आणलंय सगळ्यांना. मीच करतो."

त्यांनी खटका खाली ओढला.

वर एकदम काळोख झाला. कोणी पडदा सारला. दहाही बल्ब विझले होते, चाक आपल्या वजनाच्या जोरावर थोडं फिरलं आणि कण्हत थांबलं. बुद्धभूषण तडक स्टेजवर चढले आणि कोणी अडवायच्या आत त्यांनी टेबल कलतं केलं. पोकळ पायातून जाड वायर निघाली होती, गालिच्याखालून पडद्यामागच्या सॉकेटमध्ये गेली होती. भिंतीतून उपसलेली ती पिन नुसती शोभेची होती.

सर म्हणाले, नकारात्मक लहरींमुळे क्षेत्र ढळलं. वायर फक्त सुरक्षेसाठी होती. हे बोलता बोलता त्यांनी लॅपटॉप बंद करून बगलेत मारला. पण लोकांनी दार अडवलं आणि पोलिस येईपर्यंत त्यांना त्यांच्याच खुर्चीवर बसवून ठेवलं.

खरी लाज पुढे वाटली. आयटी कंपनीतला रोहन नावाचा एक तरुण मॅनेजर दीक्षाजवळ येऊन हळूच म्हणाला, "प्लीज, हे बाहेर सांगू नका. माझे शेअर्स मी आधी कोणाला तरी विकतो." डोक्यावर डिग्री असली म्हणून डोकं असतंच असं नाही, आणि डोकं असलं म्हणून नियत असतेच असंही नाही.

घरी जाताना बसमध्ये बुद्धभूषणांनी विचारलं, "पण पृथ्वीला खरंच कोण डिझेल घालतं?"

"फिरणं वेगळं, काम करणं वेगळं, पप्पा. चाकाला बल्ब पेटवायला लावले, की त्याची किंमत कुठून तरी मोजावी लागते. फुकट असं काही नसतं. आणि यंत्र उचलून बघू म्हटल्यावर ज्याला राग येतो, त्याला आधी राग का येतो ते विचारायचं."

संध्याकाळी बुद्धभूषण त्यांनी हॉलवर नेलेल्या प्रत्येकाच्या दारात गेले. शेजारच्या द्वारकामावशींनी नवऱ्याच्या माघारी उरलेले पैसे दुसऱ्या दिवशी भरायचं ठरवलं होतं. त्या उंबऱ्यातच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सांगितलंत म्हणून आले होते हो मी."

"तेच सांगायला आलोय," बुद्धभूषण म्हणाले. "यापुढे मी सांगितलं म्हणूनसुद्धा विश्वास ठेवू नका. हात लावून बघा, उलटं करून बघा, आणि बघू दिलं नाही तर पैसे न देता घरी परत या."