खिडकीशी वाढलेलं झाड

चौकटीच्या खाचेत लांबीचा मऊ लगदा भरून काचवाल्यानं अंगठा वरून खालपर्यंत एका दमात ओढला. नवी काच घट्ट बसली. पलीकडे वीतभर अंतरावर झाडाची फांदी वाऱ्यानं डोलत होती, जणू काच बसण्याचीच वाट बघत होती.

"ही फांदी आज उतरवतोच," तो म्हणाला. "दर हिवाळ्याला एक काच खाते. सगळ्या गावाच्या खिडक्या बसवतो मी, आणि माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, तर माझंच घर."

मागे त्याची बायको भाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"काच बसवा हवी तर. फांदीला हात लावू नका. तिला लागेल."

"झाडाला?"

काचवाल्यानं बाहेर जाऊन फांदी मागे ओढली आणि दोरीनं खोडाला बांधली. गाठ बेतानंच मारली, कारण खिडकीतून ती बघत होती.

एका नाताळाला त्यानं ते झाड कुंडीतून आणलं होतं, हातभर उंचीचं. सण सरल्यावर सगळे टाकतात तसं तोही टाकायला निघाला, तेव्हा चिमीनं कुंडीला मिठी मारली. सहा वर्षांची पोर, पण हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. मग बापलेकीनं मिळून ते खिडकीखाली लावलं. पुढच्या हिवाळ्यात चिमीला ताप आला. धड आठवडाभरही अंथरुणाला खिळली नाही, आणि गेली. झाडानं मात्र मूळ धरलं.

पुढे मूल झालं नाही. झाड कमरेएवढं झालं, खांद्याला लागलं. "आता शाळा संपली असती," असं बायको एकदा शेजारणीला म्हणाली, तेव्हा ती कुणाबद्दल बोलतेय हे शेजारणीला कळायला वेळ लागला. झाड छपराच्या वर गेलं तशी खोलीत भरदुपारी दिवा लावायची वेळ आली. विहिरीच्या तळाशी संसार मांडावा तसा हिरवट काळोख. वारा सुटला की फांदी काचेवर टकटक करायची. मग बायको हातातलं काम टाकून उठायची, खिडकीशी जायची आणि काचेवर तळवा टेकून हलकेच म्हणायची, "आले गं."

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा काचवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. आता सवय झाली, असं तो स्वतःला सांगायचा. पण वाऱ्याच्या दिवसांत त्याला दुकानात नेमकी कामं निघायची.

त्याच आठवड्यात फादर घरी आले. ते गावात नवे होते, आणि चिमीची गोष्ट त्यांच्या कानावर घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. चहाचा कप हातात घेऊन ते खिडकीकडेच बघत बसले.

"काका, स्पष्टच विचारतो. यंदा चौकात मोठं झाड उभारायचं ठरलंय. ज्याला विचारावं तो म्हणतो, काचवाल्यांच्या अंगणात आहे तसं दुसरं पंचक्रोशीत नाही. तुम्ही हो म्हणालात तर…"

काचवाल्याचा कप बशीवर खणकन वाजला. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता आभाळ कोसळणार, असं त्याला वाटलं.

फादर आपणच बोलत राहिले.

"खरं सांगायचं तर बायबलात हे झाड कुठेच नाही. म्हणतात की ख्रिस्ताच्याही आधीपासून थंड मुलखातली माणसं ऐन हिवाळ्यात हिरव्या डहाळ्या घरात आणायची. दिवस एवढासा, बाहेर सगळं वाळून गेलेलं, सूर्य परत येतो की नाही याचीच धास्ती. अशात एक काहीतरी हिरवं राहिलंय ना, मग सगळंच गेलं नाही, एवढा धीर. पुढे आपल्या लोकांनी तेच नाताळात आणलं. एदेन बागेतलं झाड म्हणून त्याला सफरचंदं टांगायचे. सफरचंदांच्या जागी मग काचेचे गोळे आले. म्हणजे काका, तुमचाच धंदा!"

ते एकटेच हसले.

"तोडल्यावर किती दिवस हिरवं राहतं?" बायकोनं विचारलं.

"महिनाभर सहज राहील, काकू. या थंडीत जास्तच."

"लोक येतील बघायला?"

"अख्खा गाव येईल. पोरं तर तिथून हलायची नाहीत."

"मग न्या," ती म्हणाली, आणि रिकामे कप उचलून आत गेली.

फादर आभार मानून निघून गेले. त्यांना दारापर्यंत सोडायचं भानही काचवाल्याला राहिलं नाही. तो तसाच स्वयंपाकघरात गेला.

"तू शुद्धीवर आहेस ना? मला एक फांदी तोडू देत नव्हतीस."

ती कप विसळत होती. "परवा तुम्ही फांदी बांधलीत. दिवसभर मी बघत होते. सारखी दोरीला ओढ देत होती."

"वारा होता तो."

"असेल. इतकी वर्षं मला वाटायचं, ती 'आत घे' म्हणते. ती 'जाऊ दे' म्हणत असली तर? मीच वाट अडवून बसले असले तर?" तिनं कप पालथा घातला. "एवढी थोरली लेक कुणी घरात बांधून ठेवतं का हो?"

करवतवाले आले त्या दिवशी काचवाला मुद्दाम दुकानात गेला. जाताना त्यानं बायकोला अंगणात उभं राहून त्यांना बजावताना ऐकलं, "पाडायचं नाही. धरून उतरवायचं." दुकानात त्यानं एक तावदान कापायला घेतलं. काचेवर हिरा फिरवला, रेघ वाकडी गेली. दुसरी काच घेतली, तीही भलतीकडेच तडकली. उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. त्यानं दुकानाचं दार ओढलं आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

तोवर झाड गाडीवर आडवं झालं होतं. फांद्या आवळून बांधल्या होत्या आणि शेंडा गाडीबाहेर लोंबत होता. गाडी हलली तसा काचवाला मागे मागे काही पावलं चालला, मग थांबला. बायको अंगणात पडलेल्या हिरव्या काड्या झाडत होती. तिचे डोळे कोरडे होते.

तो आत गेला आणि उंबऱ्यातच खिळला. खोलीभर ऊन सांडलं होतं. कोपऱ्यातली जळमटं, भिंतीची ओल, खाटेचा झिजलेला पाय, सगळं उघडं पडलं होतं. हेच ऊन मिळावं म्हणून तो इतकी वर्षं त्या झाडाच्या नावानं बोटं मोडत आला होता. त्या खिडकीला पडदा कधी लागलाच नव्हता. त्यानं खाटेवरची चादर ओढली आणि दोन खिळे ठोकून खिडकीवर टांगली.

बायको आत आली. चादरीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि स्वयंपाकाला लागली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी दोघं चौकात गेले. गर्दी मावत नव्हती. झाडावर दिवे लागले तसा पोरांनी एकच गलका केला. काचेचे लाल गोळे झगमगत होते. बायकोला कुणी ना कुणी भेटत होतं, आणि ती थांबून बोलत होती. एका बाईच्या कडेवरच्या बाळानं तिची वेणी ओढली, तेव्हा ती चक्क हसली. तो आवाज आपल्या बायकोचा आहे हे काचवाल्याला क्षणभर ओळखू आलं नाही.

"छान झालं सगळं," त्याच्यापाशी परत येऊन ती म्हणाली. "चला, गारठलात तुम्ही. गरम गरम जेवू."

"तू हो पुढे."

"अहो, किती वेळ बघणार?"

"येतो म्हटलं ना."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं आपली शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली, नीट लपेटली, आणि एकटीच घराच्या वाटेला लागली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

हळूहळू चौक रिता झाला. पोरांना आया ओढत घरी घेऊन गेल्या. काचवाला पुढे सरकत सरकत झाडाला लागून उभा राहिला होता. तोडलेल्या लाकडाचा ओला वास येत होता. खांद्यावरची शाल त्यानं काढली होती, आणि ती कुठे ठेवावी हे न कळल्यासारखा हातात धरून होता.

दिव्यांची जोडणी करणारा वायरमन पेटीपाशी आला.

"काका, घालवतो हं दिवे. लोक गेले सगळे."

"राहू दे की."

"आता कुणासाठी ठेवायचे? काळं कुत्रंसुद्धा नाही चौकात."

"राहू दे," काचवाला म्हणाला. "अंधाराला घाबरते ती."

वायरमननं वाकून झाडाखाली पाहिलं. मग काचवाल्याच्या मागे, मग रस्त्याकडे. कुणीच नव्हतं. खटक्यावर ठेवलेला हात त्यानं हळूच काढून घेतला.